कायमितोचा जामीन

१

आविल्दा रोज सकाळी एका हातात कॉफीचा कप आणि दुसऱ्या हातात कोयता घेऊन परसात उतरे. आधी कॉफी संपवायची, मग कोयता चालवायचा. क्रम उलटा झाला की कॉफीत पानं आणि पानांबरोबर मुंग्या.

तिचा जन्म बयामोन शहरातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात गेला होता. तिथं भाजी डब्यातून येई, फळंही डब्यातून येत. "बाई, हे झाडाला लागतं की जमिनीत?" असं एखाद्या पोरानं विचारलं तर "ट्रकला लागतं, मुकाट्यानं खा" असं सांगून ती मोकळी होई. नवरा कधीकाळी कामासाठी न्यूयॉर्कला गेला होता आणि तिकडेच रमला होता. म्हणून निवृत्त झाल्यावर कुणाला विचारायचा प्रश्न आला नाही. डोंगरातलं हे सिमेंटचं छोटं घर तिनं भाड्यानं घेतलं. घरमालक फ्लोरिडात. मोठ्या वादळानंतर इथं कुणी राहिलंच नव्हतं, त्यामुळे मागच्या परसात खांद्याएवढं रान माजलेलं.

पण रान कसलं! रोज हातभर साफ करावं आणि रोज काहीतरी सापडावं. वेलींच्या गुंत्याखाली तुरीची झुडपं निघाली, शेंगांनी वाकलेली. आठवडाभर गवत समजून ती जे तुडवत होती तो निघाला रेकाओ, दातेरी पानांचा, कोथिंबिरीपेक्षा उग्र वासाचा, ज्याच्यावाचून या बेटावर कुठलीच उसळ शिजत नाही. पाण्याच्या टाकीमागे उशीएवढं काटेरी लक्ष्मणफळ लटकत होतं. ज्या झाडाखाली ती सावली म्हणून बसायची, तो चक्क नीरफणस होता आणि फळ धपकन बाजूला पडलं तेव्हा तिला त्याचा शोध लागला.

"अगं बाई, तूही इथंच होय!" असं ती प्रत्येक झाडाला म्हणे. जत्रेत हरवलेली माणसं एकेक करून भेटावीत तसं तिला होई.

मुलगी इवेलिस मात्र फोनवर एकच पालुपद लावी.

"आई, तू एकटी राहतेस. पडलीस तर उचलायला कोण?"

"पडायला जागा कुठाय इथं? सगळीकडे झाडं. पडले तर मधेच अडकेन."

"मस्करी करू नकोस. माझ्याकडची खोली तयार आहे."

ती खोली आविल्दानं पाहिली होती. अर्ध्या खोलीत कपडे धुण्याचं यंत्र होतं आणि खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. यंत्र सुरू झालं की पलंगही चालायला लागे.

शेवटी मायलेकींचा करार झाला. ईस्टरच्या रविवारी इवेलिस जेवायला येणार, घर बघणार. तिला पटलं तर आई इथंच राहील. नाही पटलं तर आईनं निमूटपणे सामान बांधायचं. आविल्दा जोशात बोलून गेली, "मांस आणि तांदूळ सोडले तर सगळं जेवण माझ्या परसातलं असेल. आणि शेवटी तुझ्या आवडीचा कायमितो!"

कायमितो म्हणजे चेंडूएवढं जांभळं फळ. कापलं की आत चांदणी दिसते, आणि चीक असा की ओठाला ओठ चिकटतात. लहानपणी इवेलिस इतके कायमितो खायची की तासभर तिचं तोंड उघडत नसे. आईला तेवढीच विश्रांती. परसाच्या टोकाला कायमितोचं मोठं झाड होतं. पानं वरून हिरवी, खालून तांब्यासारखी. सगळं ठीक होतं.

फक्त झाडाला फळ नव्हतं. एकही नाही.

२

ईस्टर जवळ आला तेव्हा ती रान तोडत केळीपाशी पोचली. घड चांगला भरला होता आणि त्याच्या वजनानं केळ मोडू नये म्हणून खाली दुबेळक्या फांदीचा टेकू दिलेला होता.

आविल्दानं टेकूकडे पाहिलं. मग मागे, आपण तोडत आलेल्या वाटेकडे पाहिलं. तिच्याआधी इथं कुणी आलं असतं तर रान कुठूनतरी मोडलेलं दिसलं असतं. तसं काही नव्हतं. टेकू मात्र नुकताच तोडलेला होता. टोकाला रस ओला होता.

'मीच लावला असेल,' तिनं स्वतःला समजावलं. 'वय झालं. चष्मा डोक्यावर ठेवून शोधणारी बाई मी.'

दुसऱ्या दिवशी टाकीवर चढलेली पॅशनफ्रूटची वेल नीट बांधलेली दिसली. केळीच्या सोपटाचा दोर काढून ठिकठिकाणी बारीक, देखण्या गाठी मारलेल्या. हे मात्र आपलं काम नव्हे, हे तिला कबूल करावं लागलं. एप्रनची गाठ तिला जन्मभर धड मारता आली नव्हती.

रस्त्यापलीकडच्या दोन्या, म्हणजे बाई, प्रोविदेन्सिया, गावभर ज्यांना दोन्या प्रोवी म्हणत, त्या रोज कॉफीला येत. ऐंशी उलटलेल्या, गुडघ्यानं अधू, तोंडानं धडधाकट. परसातल्या प्रत्येक झाडाची त्यांना माहिती होती आणि ती रोज वेगळी असे. काल जे पान पोटदुखीवर, ते आज केस वाढायला.

"दोन्या प्रोवी, परसात चोर येतो वाटतं," आविल्दा म्हणाली.

"काय नेलं?"

"नेलं काही नाही. केळीला टेकू लावून गेला."

दोन्या प्रोवींनी बिस्कीट कॉफीत बुडवलं. "चोर घड नेतो, पोरी. टेकू लावतो तो नवरा. आणि तसा नवरा अख्ख्या डोंगरात कुणाला मिळालेला नाही, मग तुला कुठून मिळणार?"

"पण वेलीला गाठी मारल्यात. सुबक."

"मग नवराही नव्हे," दोन्या प्रोवी म्हणाल्या आणि बिस्कीट कॉफीत तुटून पडलं म्हणून त्याच्यावर चिडत बसल्या.

आविल्दाही हसली. पण कप विसळताना तिनं मागची खिडकी लावून घेतली. का, ते तिला सांगता आलं नसतं. बाहेर लख्ख ऊन होतं.

३

कायमितोवर उपाय दोन्या प्रोवींनीच काढला.

"धमकाव त्याला. ग्लोरियाच्या शनिवारी. तुमच्या बयामोनला करत नाहीत?"

करत. आविल्दाच्या आजीच्या गावी तर हमखास. ईस्टरच्या आदल्या शनिवारी चर्चच्या घंटा वाजल्या की एकानं कोयता घेऊन वांझ झाडापुढे उभं राहायचं, खोडावर सपाट पात्यानं फटके द्यायचे आणि म्हणायचं, फळ देतोस की तोडू? झाडामागे दुसऱ्या माणसानं लपायचं आणि झाडाच्या वतीनं रदबदली करायची. त्यानं झाडाला जामीन राहायचं. मग कोयतेवाल्यानं त्याच्या शब्दाखातर झाडाला सोडायचं आणि त्याला ईस्टरच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. फळ नाहीच आलं तर झाडाऐवजी जामिनाला वर्षभर सगळे टोचून खातात.

"पण आता घंटा रात्री वाजतात ना?" आविल्दानं विचारलं.

"पाद्र्यांनी वेळ बदलली. झाडांना कुणी कळवलंय? आपण जुन्याच वेळेला, सकाळी करू. मी मागच्या कुंपणातून येईन आणि झाडामागे उभी राहीन. झाडाच्या वतीनं रडायला माझ्यासारखं कुणी नाही. तीन नवऱ्यांसाठी रडलेय."

शनिवारी सकाळी आविल्दा कायमितोपुढे उभी राहिली. आजूबाजूला कुणी नसूनही तिला लाज वाटत होती. झाडामागचं गवत छातीएवढं होतं. पलीकडचं काही दिसत नव्हतं. पण पानं खसखसली, म्हणजे दोन्या प्रोवी आल्या असणार.

तिनं खोडावर पात्याचा फटका दिला. "काय रे? इतकी वर्षं फुकट उभा आहेस! उद्या माझी मुलगी येतेय. फळ देतोस की तोडू?"

काही नाही. दोन्या प्रोवींना ऐकू गेलं नसेल म्हणून तिनं आणखी जोरात फटका दिला. "तोडू का?"

"नका हो तोडू," झाडामागून आवाज आला. जरा घोगरा, पण अदबशीर. "देईल. एकेकाला वेळ लागतो."

आविल्दाला हसू आवरेना. दोन्या प्रोवी एरवी तिला अगंतुगं करत. आज रदबदली करायची म्हणून अहोजाहोवर आल्या होत्या.

"तुमचं काय म्हणून ऐकू? आजवर दिलं नाही त्यानं!"

"मी जामीन राहते."

"नक्की?"

"माझा शब्द."

इथं खरं तर जामिनाला पूर्ण नाव घ्यायला लावतात. पण ऊन चढलं होतं, कोयता जड झाला होता आणि आविल्दाला आटपायचं होतं. "बरं. तुमच्या शब्दाखातर सोडते. उद्या जेवायला या."

"येते," आवाज म्हणाला. जरा वेळानं, संकोचल्यासारखा पुन्हा आला, "खूप दिवसांनी बोलावलं कुणी."

तेवढ्यात पुढचं फाटक करकरलं. छत्री टेकत दोन्या प्रोवी घराला वळसा घालून आल्या. घामानं डबडबलेल्या आणि संतापलेल्या.

"मागचं कुंपण काट्यांनी भरलंय, मेलं! अख्खा फेरा मारून आले. आणि तू माझ्याशिवायच सुरू केलंस?"

आविल्दानं कोयता खाली ठेवला. ती झाडाच्या पलीकडे गेली. गवत छातीएवढंच होतं, सरळ उभं. एक पातंही वाकलेलं नव्हतं.

४

"तू नाव विचारलं नाहीस?" दोन्या प्रोवींनी तिसऱ्यांदा विचारलं. त्या पडवीतल्या खुर्चीत बसून वारा घेत होत्या.

"मला वाटलं तुम्हीच."

"माझा आवाज असा आहे?"

"घोगरा होता."

"असू दे घोगरा. मी कधी अदबीनं बोलते का?"

हे खरंच होतं. मग आविल्दाची बुद्धी कामाला लागली. कुणीतरी वाटसरू असेल. पलीकडच्या मळ्यातली बाई असेल, केळी न्यायला आली आणि पकडली जाऊ नये म्हणून बोलली. दोन्या प्रोवींनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

"असेल. वाटसरू असेल. गवत न मोडता चालणारी." मग त्यांनी छत्री जमिनीवर आपटली. "ते काही असो. बोलावलंस ना? मग उद्या ताट मांडायचं. बोलावून ताट न मांडणं हा अपमान, आणि अपमान कुणाचा करायचा नाही हे आपल्याला ठाऊक नसतं तेव्हा तर मुळीच करायचा नाही."

वाक्य जरा अवघड होतं, पण आविल्दाला पोचलं.

रविवारी सकाळी ती कॉफी न घेताच परसात गेली. कायमितोच्या खालच्या फांद्यांवर जांभळी, गरगरीत फळं लागली होती.

'पानांआड असतील,' ती मनाशी म्हणाली. 'कायमितोचं फळ पिकलं तरी गळत नाही, झाडालाच धरून बसतं. चष्म्याचा नंबर वाढला असणार.' तिनं एक फळ धरलं आणि पिरगळलं. देठ तुटला नाही. सुटला.

सोपटाची बारीक गाठ होती. प्रत्येक फळ फांदीला बांधलेलं होतं, सुबक, एकाच मापाच्या गाठीनं.

आविल्दा झाडाखाली तशीच उभी राहिली. भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण आधी आठवली ती शाळेतली तपासणी. साहेब यायचे त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या बायकाही असंच करत, शेजारच्या शाळेतून फळं उसनी आणून टोपल्या भरत. जामीन राहणं सोपं, निभावणं अवघड. कोण होती कोण जाणे, पण शब्दाला जागायला तिनं अख्खा दिवस खटपट केली होती.

मग आविल्दानं फळ गालाला लावून पाहिलं. ते विहिरीच्या तळासारखं गार होतं आणि देठाच्या खळीत ओली काळी माती बसली होती. झाडावरच्या फळाला माती कुठून लागेल, हा विचार तिनं अर्ध्यावर सोडला. फळं ओच्यात घेतली, आत आली आणि दोनदा धुतली.

५

इवेलिस आली ती तपासनिसासारखी. आधी न्हाणीघराची फरशी पायानं घासून पाहिली. मग फोन उंच धरून घरभर रेंज शोधत फिरली. पिशवीतून एक बटण असलेलं लॉकेट काढून आईच्या गळ्यात घातलं.

"पडलीस की हे दाबायचं."

"आणि पडायच्या आधी दाबलं तर?"

"आई!"

"तिला विचारू दे की," दोन्या प्रोवी म्हणाल्या. त्यांनी सगळ्यात मऊ खुर्ची पटकावली होती. "मी तर आधीच दाबीन. पडण्यात वेळ कशाला घालवायचा?"

जेवण मात्र असं झालं की इवेलिसचा चेहरा सैलावत गेला. तुरीचे दाणे घातलेला भात, नीरफणसाच्या दोनदा तळून चेपलेल्या चकत्या, उकडलेल्या अळकुड्या, भाजलेलं डुकराचं मांस, त्यावर रेकाओचा ठेचा. लक्ष्मणफळाचं सरबत तिनं तीनदा मागून घेतलं.

"ते चौथं ताट कुणाचं?" तिनं मधेच विचारलं. मागच्या पडवीतल्या स्टुलावर आविल्दानं एक ताट वाढून, वर स्वच्छ फडका टाकून ठेवलं होतं.

आविल्दानं चमचा खाली ठेवला.

"माझं," दोन्या प्रोवी म्हणाल्या. "घरी न्यायला. लाज सोडलीय मी, तुला काही अडचण?"

शेवटी कायमितो आले. इवेलिसनं चमच्यानं गर खाल्ला, मग चमचा टाकून सरळ साल चाटली. ओठ चिकटले, ती खुदकन हसली आणि आविल्दाला वाटलं, आपण जिंकलो.

"आई, जेवण फारच सुंदर," ओठ सोडवत इवेलिस म्हणाली. मग तिनं नजर खाली वळवली. "बाग बघून जीव लागतो गं. पण तरी तू एकटीच ना? मला रात्री झोप येत नाही. खरंच येत नाही."

ती रडवेली झाली होती. भांडणाला उत्तर देता येतं, याला काय देणार?

"हात चिकट झालेत. धुऊन येते," म्हणून इवेलिस मागच्या नळाकडे गेली.

दोन्या प्रोवींचा डोळा लागला होता. त्या तोंड उघडं टाकून घोरत होत्या. आविल्दा टेबलावरच्या साली गोळा करत होती. नळाचा आवाज थांबला. मग तिला इवेलिसचं बोलणं ऐकू आलं.

फोनवर बोलत असेल. पण तिचा फोन तर इथं, टेबलावर, सरबताच्या पेल्याशेजारी होता.

इवेलिस काहीतरी विचारत होती. थांबत होती. ज्या जागी ती थांबे, तिथं दुसरं कुणीतरी बोलत होतं, खालच्या आवाजात. शब्द लागत नव्हते. घोगरेपणा लागत होता. मग इवेलिस मोकळेपणानं हसली.

आविल्दानं गोळा केलेल्या साली पुन्हा टेबलावर ठेवल्या. गळ्यातल्या बटणाकडे हात गेला, पण ती पडलेली नव्हती, आणि बटण नेमकं पडण्यासाठीच होतं.

इवेलिस आत आली तेव्हा शांत दिसत होती. तिनं पिशवी उचलली, दोन्या प्रोवींच्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाली, "चल, निघते. गाडीपर्यंत येतेस?"

६

रस्त्यावर येईपर्यंत आविल्दा मनातल्या मनात कपड्यांच्या यंत्राशेजारी आपला पलंग लावत होती.

इवेलिसनं गाडीचं दार उघडलं. मग अचानक वळून तिनं आईला घट्ट मिठी मारली.

"वेडी आहेस तू. आधी सांगितलं असतंस तर मी इतके दिवस तुला छळलं नसतं."

"काय सांगितलं असतं?"

"त्या बाईंबद्दल! मागे राहतात त्या. किती लाजऱ्या गं. माझ्याकडे पाठ करूनच बोलत होत्या. पुढे या म्हटलं तर नको म्हणाल्या, अंगावर माती आहे. ताट चाटूनपुसून साफ केलं होतं. बाग त्याच बघतात ना?"

"हो," आविल्दा म्हणाली. जीभ टाळूला चिकटली होती, आणि तिनं कायमितो खाल्लाही नव्हता.

"मी सरळच विचारलं त्यांना, आई पडली तर काय? तर म्हणाल्या, मी जामीन आहे ना. आता तुमच्या आई या परसातून कुठं जायच्या नाहीत. माझा शब्द." इवेलिसनं डोळे पुसले. "असं कोण म्हणतं गं आजकाल? आज मला झोप लागेल बघ. ती खोली मी कुणाला तरी भाड्यानं देऊन टाकते."

गाडी उतारावरून गेली, वळणाआड दिसेनाशी झाली.

आविल्दा फाटकाबाहेर उभी होती. पाय रस्त्यावर होते. एप्रनच्या खिशात फोन होता आणि रस्त्यावर रेंज चांगली असे. इवेलिस अजून डोंगर उतरलीही नव्हती. परत ये, एवढंच म्हणायचं होतं. मग यंत्र, भिंत आणि चालणारा पलंग. इथं तूर पुढच्या आठवड्यात तोडणीला येणार होती. टाकीमागचा एक कोपरा तर अजून उघडायचा होता. तिथं काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या उघड्या दारातून दोन्या प्रोवी अजून खुर्चीत घोरताना इथूनही दिसत होत्या.

आणि स्वयंपाकघरात कुणीतरी भांडी घासत होतं. घाईनं नव्हे. रीतसर, आधी खरकटं काढून, मग घासून, मग विसळून.

खिडकीतून दोन हात दिसले, कोपरापर्यंत ओले. मोरीतलं पाणी पावसाळ्यातल्या ओढ्यासारखं तांबडं झालं होतं. कोपराच्या वर सावली होती, आणि सावलीत कुठूनतरी पानं हलत होती. आविल्दानं नजर कोपरापाशीच थांबवली. एका हातानं धुतलेली बशी उचलली आणि बाजूला, रिकाम्या हवेत धरून ठेवली. शाळेच्या स्वयंपाकघरात घासणारी बाई पुसणाऱ्या बाईसाठी धरते तशी.

बशी तशीच राहिली. हात हलेना. वाट बघण्याची त्याला सवय होती.

आविल्दानं फोन खिशात खोल ढकलला आणि फाटकाच्या आत पाऊल टाकलं.

"आले, आले," ती म्हणाली. "काचेचे पेले तेवढे राहू द्या. ते मी घासते."